सुटलेली पुन्हा लागली, तर : नाशिकमध्ये उपचाराला परत कसं जायचं

वर्षभर दारू बंद होती आणि परवा कुणाच्या तरी हळदीत पुन्हा सुरू झाली. असं ज्याचं झालं आहे त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी ही माहिती आहे. पहिल्यांदाच उपचाराला निघालेल्यालाही यातलं बरंच कामाला येईल. पण दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा जाणाऱ्याची अडचण वेगळी असते. त्याला दवाखान्याचा रस्ता पाठ असतो, फक्त तिथं तोंड दाखवायची लाज वाटते. मग 'पहिली तारीख होऊ दे', 'श्रावण लागू दे', 'द्राक्षांचे पैसे येऊ देत' असं करत दिवस जातात आणि एका रात्रीचं पिणं महिन्याभरात रोजचं होऊन बसतं. पुन्हा घेतल्यानं जेवढं बिघडतं त्याहून जास्त या लांबणीनं बिघडतं. तेव्हा पुन्हा घेतली त्या वेळेपासून डॉक्टरसमोर बसेपर्यंतचं अंतर जमेल तितकं कमी करायचं, बाकी सगळं त्यानंतर.

आज घरी थांबायचं की थेट दवाखाना गाठायचा?

आधी खरा आकडा काढा. किती दिवस घेतली, रोज किती आणि शेवटची कधी. बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर एकाच संध्याकाळी घेतली असेल, तर शरीराला मोठा त्रास होण्याची शक्यता कमी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी 'उतारा', म्हणजे आदल्या रात्रीचा त्रास घालवायला पुन्हा घोट, घ्यायचा नाही, पोटभर जेवायचं, पाणी प्यायचं, समुपदेशकाला किंवा डॉक्टरला फोन करून त्याच आठवड्यातली वेळ घ्यायची. एवढं बास.

रोज सुरू असेल तर मात्र एकदम बंद करून घरी पडून राहणं धोक्याचं आहे. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या टप्प्यात काहींना भास होतात, दिवस-रात्रीचं भान जातं, ताप येतो, अंगावर किडे चढतायत असं वाटून माणूस चादर झटकत बसतो. डॉक्टर याला डीटी म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर यात जीव जातो. आणखी एक गोष्ट परत येणाऱ्यानं नीट लक्षात ठेवायची: हा त्रास दर खेपेला वाढत जाऊ शकतो. 'मागच्या वेळी नुसती थरथर झाली होती' हा आधार या वेळी धरू नका.

पूर्वी कधी फिट किंवा डीटी झालेला, सकाळी उठल्या उठल्या उतारा लागणारा, मधुमेह, लिव्हर किंवा हृदयाचा आजार असलेला, दारूबरोबर झोपेच्या गोळ्याही घेणारा, घरी एकटा राहणारा, यांपैकी काहीही लागू असेल तर दाखल होऊनच सोडायची. गरोदर बाईनंही घरच्या घरी हा प्रयोग करू नये. फिट आली, बडबड सुरू झाली किंवा माणूस ओळखेनासा झाला, तर १०८ ला फोन. तोवर कुशीवर झोपवायचं, तोंडात चमचा, कांदा, चप्पल काहीही घालायचं नाही.

आपल्याकडे नेहमी होणारी चूक म्हणजे गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन 'दोन सलाईन लावा, उतरेल' असं सांगणं. अनेक दिवस पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, फार कमी झालेलं असतं. अशा वेळी थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं, तर मेंदूला इजा होऊ शकते: डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, पुढे स्मरणशक्तीवर कायमचा परिणाम राहू शकतो. म्हणून सलाईन लावणाऱ्याला 'हा रोज पितो' हे आधी सांगायचं आणि थायमिनचं इंजेक्शन दिलं का ते विचारायचं. विचारायला संकोच कसला?

दारूखेरीज दुसरं काही असेल तर गणित बदलतं. मालेगावकडे जिला कुत्तागोळी म्हणतात ती अल्प्राझोलामची गोळी. तीही एकदम बंद केली की फिट येऊ शकते. ती डॉक्टर हळूहळू, टप्प्याटप्प्यानं उतरवतात. ब्राऊन शुगर किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध सोडताना अंगदुखी, जुलाब, तळमळ भयंकर होते, पण मोठा धोका पुढेच असतो. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वीच्याच मापानं पुन्हा घेतलं तर श्वास थांबतो. श्वास मंद, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या की १०८. एमडी, म्हणजे मेफेड्रोनची पावडर, सोडल्यावर पहिला आठवडा माणूस झोपून काढतो, खा-खा सुटते आणि मन पार खचतं. या दिवसांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ शकतात, म्हणून त्याला एकटं ठेवायचं नाही.

नाशिकमध्ये कुठे

त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. तिथं केसपेपर काढताना 'मनोविकार विभाग' सांगा, जनरल ओपीडीच्या रांगेत अर्धा दिवस घालवू नका. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळे 'पैसे जमले की जाऊ' हे कारण इथं चालत नाही. पंचवटी, ओझर, पिंपळगावकडच्यांना आडगावचं डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेज जवळ पडतं. तिथंही मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री त्रास सुरू झाला तर ओपीडीची वाट न बघता अपघात विभागात जायचं.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार ईएसआयसीत, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, असतील, तर सातपूरच्या ईएसआय रुग्णालयातून सुरुवात करावी. यात पैशांचा मुद्दा आहे. योगदानाची अट पूर्ण असेल तर आजारपणाच्या रजेत रोजच्या सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते. मात्र प्रमाणपत्र त्यांच्या यंत्रणेतूनच हवं. बाहेरच्या सेंटरला महिनाभर राहून आल्यावर प्रमाणपत्रासाठी धावपळ केली तर अडचण होते. दाखल होण्याआधीच विचारून घ्या.

कुठं जावं हेच सुचत नसेल तर दोन फोन. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६. टेलिमानस चोवीस तास सुरू असते आणि मराठीत बोलता येतं. दोन्ही फुकट. पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतं आहे, नाशिकहून तिकडे जाणारेही पुष्कळ. ज्या सेंटरमधून तुम्ही एकदा बरे होऊन आलात, तिथंच परत जाणं बहुतेकदा सोयीचं: तुमची फाइल तिथं आहे, माणसं ओळखतात. 'काय म्हणतील' याची धास्ती तुम्हाला वाटते तेवढी तिथल्यांना नवी नाही. परत येणारे त्यांच्याकडे दर आठवड्याला येतात.

अमली पदार्थ घेणाऱ्यांना पोलिसांची भीती असते. नुसतं डॉक्टरकडे उपचाराला गेल्यानं गुन्हा दाखल होत नाही. उलट १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातलं कलम ६४अ असं सांगतं, की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेतली जाऊ शकते. प्रकरण आधीच सुरू असेल तर वकिलाला हे कलम दाखवा.

टेबलासमोर काय सांगायचं

मागच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड शोधा. हरवलं असेल तर त्या सेंटरकडून प्रत मागा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं स्वतःची वैद्यकीय कागदपत्रं मिळवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. सोबत सध्याच्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट घ्या: बीपीच्या, शुगरच्या, झोपेच्या, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक. रक्ताचे जुने रिपोर्ट असतील तर तेही.

आणि मग अर्ध्या मिनिटात असं सांगायचं: "मागच्या वर्षी दाखल होतो. अकरा महिने बंद होती. गेले वीस दिवस रोज सकाळ-संध्याकाळ मिळून दोन क्वार्टर. शेवटची आज पहाटे चारला. मागच्या वेळी फिट आली होती. अमुक गोळी मी दोन महिन्यांपूर्वी स्वतःहून बंद केली." एवढ्यात डॉक्टरला हवं ते जवळजवळ सगळं येतं. आकडा कमी करून सांगू नका. थरथर आणि फिट थांबवण्याच्या गोळ्यांचा डोस या आकड्यावर ठरतो. निम्मं सांगितलंत तर औषधही कमी पडेल, आणि तिसऱ्या रात्री ते कळेल.

पुढचा प्रश्न समुपदेशकाचा असतो: घसरलं कुठे? 'मित्रांनी आग्रह केला' हे उत्तर फारसं कामाचं नाही, कारण मित्र त्याआधीही होतेच. मागे जाऊन बघितलं तर बहुधा असं दिसतं: आधी फॉलोअप चुकला, मग गोळी सुटली, झोप बिघडली, घरात एका गोष्टीवरून अबोला झाला, हातात एकरकमी पैसे आले, आणि मग ती हळद. घोट हा शेवटचा टप्पा. आधीचे पाच-सहा टप्पे तारखेनिशी वहीत लिहून न्या. या वेळचे उपचार नेमके तिथं लावायचे असतात, नाहीतर तोच कोर्स पुन्हा होतो आणि तीच फट तशीच राहते.

सेंटर निवडताना

शहराच्या आजूबाजूला 'नशामुक्ती केंद्र' अशा पाट्या भरपूर दिसतात. आत जाण्याआधी चार गोष्टी विचारा. मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी दाखवा. डॉक्टर कोण, आणि रात्री कोण असतं? पहिल्या चार-पाच दिवसांत फिट आली तर कुठे नेता? घरच्यांना भेटू-बोलू देता का?

'महिनाभर फोन नाही, भेट नाही, आम्ही घरातून उचलून नेतो' असं सांगणाऱ्या ठिकाणी देऊ नका. साखळीनं बांधणं कायद्यानं बंद आहे. स्वतःहून दाखल झालेल्या सज्ञान माणसाला डिस्चार्ज मागता येतो. फार तर त्याची तपासणी करण्यासाठी डॉक्टर २४ तास थांबवू शकतात. ज्याला स्वतःचा निर्णय घेण्याचं भान उरलेलं नाही, त्याला त्याच्या नियुक्त प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करता येतं. पण तिथंही एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य तज्ज्ञ किंवा डॉक्टर अशा दोघांनी वेगवेगळं तपासून होकार द्यावा लागतो आणि सुरुवातीची मुदत ३० दिवसांची आहे. मारहाण करून सुटलेली दारू बाहेर आल्यावर टिकत नाही, आणि वर त्या माणसाच्या मनातून उपचार हा शब्दच उतरतो.

बायकांसाठी वेगळी सोय आहे का ते फोनवरच विचारा. त्यांचं पिणं घरात जास्त काळ झाकलं जातं, म्हणून त्या उशिरा आणि जास्त आजारी अवस्थेत पोहोचतात. मुक्तांगणमध्ये स्त्रियांचा स्वतंत्र विभाग आहे.

गोळ्या : सगळ्यात जास्त गोंधळ इथं

डायसल्फिराम ओढ कमी करत नाही. दारू पोटात गेली की चेहरा लाल, धडधड, उलट्या, बीपी खाली, असा त्रास देते. त्या भीतीनं माणूस लांब राहतो. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ती सुरू करत नाहीत, आणि गोळी बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत त्रास होऊ शकतो. ती चालू असताना द्राक्षासव, दशमूलारिष्ट, कुमारी आसव हे सगळं बंद, कारण आसव-अरिष्टांत आंबवण्यातूनच अल्कोहोल तयार होतं. होमिओपॅथीचा अर्क, अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध हेही नको. जुलाबावर सर्रास मिळणारी मेट्रोनिडाझोल या गोळीबरोबर घेतली तर माणूस भ्रमिष्टासारखं वागू शकतो. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी 'माझी डायसल्फिराम चालू आहे' हे पहिलं वाक्य.

'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती एसटीत, भिंतींवर दिसतात. आमटीत किंवा चहात गुपचूप औषध मिसळणं हा जिवाशी खेळ आहे. त्याला ठाऊक नसतं, तो नेहमीसारखी पितो, बीपी कोसळतं, आणि काय दिलं आहे हे दवाखान्यात सांगायला कुणी धजावत नाही.

नॅलट्रेक्सोन ओढ आणि चव दोन्ही कमी करतं. पण ब्राऊन शुगर, ट्रॅमाडॉल, कोडीन यांतलं काही अंगात असताना दिलं तर तळमळ एकदम उसळते. त्यासाठी आधी साधारण ७ ते १० दिवसांचा खंड लागतो. हे औषध चालू असताना अपघात झाला तर नेहमीची तीव्र वेदनाशामकं नीट लागू पडत नाहीत, म्हणून पाकिटात चिठ्ठी ठेवा. अकॅम्प्रोसेट दिवसातून तीनदा घ्यावं लागतं, नेमका दुपारचा डोस चुकतो. डब्यासोबत ठेवलं की चुकत नाही. किडनी अधू असेल तर डॉक्टरला आधी सांगा. लिव्हर बिघडलेलं असेल तर काहींना बॅक्लोफेन देतात. ते एकाएकी थांबवायचं नाही.

एक नियम सगळ्यांना लागू: 'आता बरं वाटतंय' हे गोळी बंद करण्याचं कारण होऊ शकत नाही. पुन्हा सुरू झालेल्यांच्या वहीत गोळी सुटल्याची तारीख घोटाच्या तारखेच्या आधी सापडते.

घरी आल्यावर

पहिले तीन महिने नाजूक. झोप काही आठवडे, कधी काही महिने नीट येत नाही. त्यावर मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी म्हणजे एक खड्डा चुकवून दुसऱ्यात पाय. ठरलेल्या वेळी उठा, दुपारी झोपू नका, संध्याकाळी चहा नको.

ओढ लाटेसारखी येते आणि बहुतेकदा वीस-तीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा, कायमचं कुणी काही मागत नाही. पहिल्यांदा पोटात काही आहे का बघा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चौघांपैकी एक तरी तिथं असतोच, आणि भूक ही सगळ्यात सोपी. शेंगदाणे-गूळ खिशात ठेवणारे उगीच ठेवत नाहीत.

रस्ता बदला. अंबडला शिफ्ट सुटली की सिडकोकडे येताना नेहमीचं परमिट रूम लागत असेल, तर दोन किलोमीटर लांबचा रस्ता धरा किंवा कंपनीच्या बसमधून थेट घराजवळ उतरा. पगाराच्या दिवशी खात्यातली बरीचशी रक्कम त्याच दिवशी घरखर्चाच्या खात्यात जाईल असं लावून घ्या, खिशात शंभर-दोनशेच राहू द्या. यूपीआय हा नवा चोर आहे. खिसा रिकामा असूनही बाटली येते. दिवसाची मर्यादा कमी करून ठेवता येते, ती करा.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा मराठीत होतात, फी नसते, आडनाव विचारत नाहीत. पहिल्या सभेत काही बोलावं लागत नाही, मागं बसून ऐकलं तरी चालतं. एका गटात मन रमलं नाही तर दुसरा गट बघा, सभाच सोडून देऊ नका. परत आलेल्यानं 'मी पुन्हा घेतली होती' हे पहिल्याच सभेत सांगून टाकावं. एकदा सांगितलं की लपवण्याचं काम संपतं.

नाशिकचा वर्षाचा हिशोब

धोक्याचे दिवस आधीच माहीत असतात, तेव्हा ते पंचांगावर खुणा करून ठेवा. जानेवारी ते मार्च-एप्रिल द्राक्षाचा हंगाम. निफाड-दिंडोरीकडे व्यापाऱ्याकडून एकरकमी पैसे येतात आणि त्याच सुमारास लग्नं. रंगपंचमीला शहरात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, उघडतात. त्या दिवशी पाणी कुणाच्याही हातून प्यायचं नाही, आणि सोबत न पिणारा एक माणूस हवाच. त्यानंतर गटारी. गटारीला मनसोक्त पिऊन श्रावणात एकदम बंद करणारा रोजचा पिणारा नेमका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊन दाखल होतो. सप्तशृंगीच्या गडावर घेतलेली शपथ किंवा गळ्यातली माळ पुढे टिकायला फार आधार देते. मात्र रोज पिणाऱ्यानं शपथेआधी डॉक्टर गाठावा.

'वाइन म्हणजे काही दारू नाही' हे वाक्य इथं फार ऐकू येतं. आकडे बघा. १२ टक्के वाइनच्या १५० मिलीच्या ग्लासात सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असतं, व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १०. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४० च्या पुढे. पाहुण्यांना गंगापूरकडे वायनरी दाखवायला न्यायचं असेल तर ते काम भावाला द्या.

घरच्यांनी

खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं, मुलांना पाळतीवर ठेवणं यातून हाती काही लागत नाही, भांडण मात्र लागतं. त्याऐवजी तीन गोष्टी: त्याच्या संमतीनं गोळी समोर घ्यायला लावणं, फॉलोअपच्या तारखेला सोबत जाणं, आणि रोख पैसे न देणं. साहेबाला खोटा फोन करून 'ताप आहे' सांगू नका, त्याची उधारी भागवू नका. प्यायलेल्या माणसाशी रात्री वाद घालू नका; सकाळी, तो शुद्धीवर असताना, मोजकं बोला: "आज सिव्हिलला जायचं. मी येते." हातउगारणी होत असेल तर आधी स्वतः सुरक्षित ठिकाणी जा आणि ११२ ला फोन करा. अ‍ॅल-अनॉनच्या सभा घरच्यांसाठी असतात. तो उपचाराला तयार नसला तरी तुम्ही जाऊ शकता.

तंबाखू-गुटखाही सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ ही वेगळी हेल्पलाइन आहे. दोन्ही एकदम सोडणं जमतं का, हे डॉक्टरशी बोलून ठरवा. आणि दारूची गोळी कमी करण्याची वेळ आली की ती लग्नसराईत किंवा गटारीच्या तोंडावर कमी करू नका. डॉक्टरना सांगून भाद्रपदानंतरचा एखादा साधा महिना मागून घ्या.